अर्थधुरंधर चिंतामणराव देशमुख

आपल्या खिशातील नोट हा खरे पाहता कागदाचा एक तुकडा असतो. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आणि तेवढी रक्कम देण्याचे वचन छापलेले असते. या वचनावर दुकानदाराचा, शेतकऱ्याचा, मजुराचा विश्वास असतो, म्हणूनच बाजार चालतो. हा विश्वास डळमळला तर काय होईल, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पडली आणि तीही महायुद्ध, दुष्काळ व फाळणी अशा एकामागून एक कोसळणाऱ्या संकटांच्या काळात, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र या पाठात तुम्हांला वाचावयाचे आहे. भारतीय नोटेवर सही करणारे ते पहिले भारतीय गव्हर्नर होत.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. हे गाव महाडजवळ आहे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव आज रायगड असे आहे. वडील द्वारकानाथ हे वकिली करीत. आईचे नाव भागीरथीबाई. घरात विद्येचे वातावरण होते आणि मुलाची बुद्धी असामान्य होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन १९१७ साली पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकाविले. पुढच्याच वर्षी लंडन येथे झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. पुढे ज्यांनी देशाचा अर्थकारभार सांभाळला, त्यांचे शिक्षण झाडापानांच्या अभ्यासात झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बागकामाची आवड मात्र त्यांना जन्मभर पुरली.

सरकारी नोकरीची पहिली वीस वर्षे त्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडात काढली. तेथे जमीनमहसुलाची कामे, जिल्ह्याचा कारभार आणि नंतर प्रांताच्या महसूल व अर्थ खात्यांचे सचिवपद असा त्यांचा प्रवास झाला. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिवांपैकी एक म्हणून काम पाहिले. या काळाविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. एवढेच सांगावयाचे, की खेड्यातला पैसा कोठून येतो व कोठे जातो हे त्यांनी कागदावर शिकण्यापूर्वी शिवारात पाहिले होते.

जुलै १९३९ मध्ये सरकारने त्यांना रिझर्व्ह बँकेत पाठविले. बँक आणि भारत सरकार यांच्यात संपर्क ठेवणे हे त्यांचे काम. रिझर्व्ह बँक तेव्हा अगदी तरुण होती. १ एप्रिल १९३५ रोजी तिची स्थापना झाली होती आणि तिचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ मध्ये कलकत्त्याहून मुंबईस आले होते. अजून तिची मुळे पुरती रुजली नव्हती, तोच सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. थोड्याच काळात चिंतामणरावांची बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव म्हणून नेमणूक झाली.

पहिली मोठी कसोटी १९४० च्या उन्हाळ्यात लागली. जर्मनीने फ्रान्स जिंकल्याची बातमी आली आणि भारतात घबराट पसरली. इंग्रज हरले तर त्यांच्या कागदी नोटांचे काय, अशी शंका लोकांच्या मनात आली. नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यासाठी खिडक्यांवर गर्दी होऊ लागली. घेतलेले रुपये बाजारात परत येईनात, ते घराघरांत पुरले गेले. जूनमध्ये सरकारने गरजेपेक्षा अधिक नाणी साठविण्यास बंदी घातली. तथापि केवळ बंदीने भीती जात नाही. जुलैत एक रुपयाची नोट काढण्यात आली आणि रुपयातील चांदीचे प्रमाणही घटविण्यात आले. हळूहळू सुट्या पैशांची टंचाई ओसरली. लोकांच्या भीतीला हुकूम पुरा पडत नाही, तिला हातात घेता येईल असा पर्याय द्यावा लागतो, हे या प्रसंगावरून दिसून येते.

१९४१ मध्ये चिंतामणराव डेप्युटी गव्हर्नर झाले. ब्रह्मदेशाच्या चलनाची व्यवस्थाही त्या वेळी रिझर्व्ह बँकच पाहत असे. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले आणि बँकेला रंगूनचे कार्यालय सोडावे लागले. शत्रू दाराशी असताना तिजोरी, हिशेब आणि माणसे हलविणे म्हणजे काय, याचा अनुभव या संस्थेने असा घेतला. फेब्रुवारी १९४३ मध्ये गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले. काही महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९४३ रोजी, चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले. परकीय सत्तेच्या काळात एवढ्या मोठ्या आर्थिक पदावर एक भारतीय बसला, याचा देशाला आनंद झाला असला, तरी ती वेळ आनंदाची नव्हती. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती.

महागाई का वाढली होती हे समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटिश सरकार युद्धासाठी भारतातून धान्य, कापड व इतर माल घेत असे. त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांच्या रूपाने भारताच्या नावे जमा होई आणि त्या आधारावर रिझर्व्ह बँकेला येथे रुपयांच्या नोटा काढाव्या लागत. म्हणजे माल देशाबाहेर अथवा सैन्याकडे जाई आणि नोटा मात्र देशात राहत. युद्धाच्या आरंभी जेवढ्या नोटा चलनात होत्या, त्यांच्या सुमारे सहापट नोटा युद्ध संपताना झाल्या होत्या. नोटा वाढल्या आणि माल तेवढाच किंवा कमी, मग भाव चढणार नाहीत तर काय? लंडनमधील भारताची ही शिल्लक सव्वाशे कोटी पौंडांच्या वर गेली. ब्रिटन हे देणे फेडील की बुडवील, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता.

हा प्रश्न जागतिक व्यासपीठावर मांडण्याची संधी जुलै १९४४ मध्ये आली. युद्धानंतरच्या अर्थव्यवस्थेची घडी बसविण्यासाठी अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्थांचा जन्म याच परिषदेत झाला. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. पौंडांच्या शिल्लकेचा प्रश्न त्या परिषदेत सुटला नाही, तो पुढे भारत व ब्रिटन यांच्यातील वाटाघाटींवर सोपविला गेला. मात्र नाणेनिधीत भारताला मानाचे स्थान मिळाले आणि अद्याप स्वतंत्र नसलेल्या देशाचे म्हणणे मोठ्या राष्ट्रांना ऐकून घ्यावे लागले. पुढे १९५० साली या दोन्ही संस्थांच्या पॅरिस येथील सभेचे अध्यक्षपद चिंतामणरावांकडे आले.

परदेशातून परतल्यावर त्यांनी बँकेच्या अंतर्गत रचनेकडे लक्ष वळविले. १९४५ मध्ये बँकेत संशोधन व सांख्यिकी विभाग सुरू झाला. वरवर पाहता ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु पुढे काय घडेल हे ठाऊक नसताना निर्णय घ्यावे लागतात, तेव्हा आज काय घडत आहे याची तरी नेमकी माहिती हाती असावी लागते. पिके, भाव, ठेवी, आयात-निर्यात यांचे आकडे वेळेवर गोळा करणारी व त्यांचा अर्थ लावणारी माणसे बँकेत असावीत, हा त्यामागचा हेतू होता. संकट आल्यावर धावपळ करणाऱ्या संस्था पुष्कळ असतात. संकटापूर्वी आकडे मांडून बसणाऱ्या थोड्या, आणि चिंतामणरावांचे मोठेपण आमच्या मते या दुसऱ्या प्रकारच्या कामात अधिक आहे.

आता १९४७ साल. देशाची फाळणी ठरली. जमीन, रेल्वे, सैन्य, सरकारी कचेऱ्यांतील टेबलखुर्च्या यांचीसुद्धा वाटणी सुरू झाली. पण चलनाची वाटणी कशी करणार? १४ ऑगस्टला कराचीत आणि लाहोरात लोकांच्या हाती ज्या नोटा होत्या, त्याच १५ ऑगस्टला दिल्लीत व मुंबईत होत्या. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती, नोटा छापण्याची सोय नव्हती. एका रात्रीत नोटा बदलल्या असत्या, तर दोन्ही देशांतील व्यापार ठप्प झाला असता. म्हणून असे ठरले, की ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम करावे. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार आढळत नाहीत. सीमेवर माणसे मारली जात होती, निर्वासितांच्या गाड्या येत होत्या, ऑक्टोबरपासून काश्मीरमध्ये लढाई पेटली होती आणि एक बँक मात्र दोन्ही सरकारांचे हिशेब सांभाळीत होती.

१ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात वापरावयाच्या भारतीय नोटांवर पाकिस्तान सरकार ही अक्षरे इंग्रजीत व उर्दूत छापून त्या चलनात आणल्या गेल्या. त्या नोटा केवळ पाकिस्तानात चालत. अशा रीतीने जुनी नोट एकदम रद्द न करता तिच्याच अंगावर नवी ओळख चढविण्यात आली. नंतर पाकिस्तानात जमा झालेल्या भारतीय नोटा परत घेऊन त्या प्रमाणात त्या देशाला त्याच्या वाट्याची मालमत्ता देण्यात आली.

हे सारे सुरळीत पार पडले असे मात्र नाही. सरकारी रोख शिलकेतून पाकिस्तानला ७५ कोटी रुपये द्यावयाचे ठरले होते. त्यांपैकी २० कोटी आधीच दिले गेले. उरलेले ५५ कोटी काश्मीरमधील लढाईमुळे भारत सरकारने रोखून धरले आणि जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या काळात, ते देण्याचा निर्णय जाहीर केला. हा निर्णय सरकारांच्या पातळीवरचा होता. परंतु खाती रिझर्व्ह बँकेकडे असल्यामुळे पाकिस्तानच्या टीकेचा रोख बँकेवरही वळला. परस्परांवर विश्वास उरला नाही, की उत्तमात उत्तम व्यवस्थाही फार काळ टिकत नाही. ठरलेली मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आणण्यात आली आणि १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तानने आपले काम सुरू केले.

दिल्लीत राहणाऱ्या वाचकांना या काळाच्या खुणा आजही दिसतील. लाहोरमध्ये मुख्य कार्यालय असलेली पंजाब नॅशनल बँक १९४७ मध्येच दिल्लीला आली. पश्चिम पंजाबातून आलेल्या लाखो निर्वासितांच्या ठेवी, दागिने, कागदपत्रे सीमेपलीकडे अडकली होती. कर्जे घेणारे एका देशात, बँक दुसऱ्या देशात, असा प्रकार होता. अशा बँकांना तगविण्यासाठी कायद्यात बदल करून रिझर्व्ह बँकेला अधिक उदारपणे कर्ज देण्याची मुभा मिळाली. १९४९ मध्ये बँकिंग कंपन्यांचा कायदा झाला आणि देशातील बँकांवर देखरेख करण्याचे व्यापक अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आले.

त्याच वर्षी, १ जानेवारी १९४९ रोजी, खुद्द रिझर्व्ह बँकेची मालकी बदलली. तोवर तिचे पाच कोटी रुपयांचे भांडवल खाजगी भागधारकांचे होते. दर शंभर रुपयांच्या भागामागे ११८ रुपये १० आणे देऊन सरकारने ते ताब्यात घेतले. बँक राष्ट्राची झाली. मालक बदलले, पण कामकाजात एका दिवसाचाही खंड पडला नाही, कारण खुर्चीवरचा माणूस, नियमांची पुस्तके व कारकुनांची शिस्त तीच होती. ३० जून १९४९ पर्यंत चिंतामणराव गव्हर्नरपदी राहिले. याच वर्षी त्यांची इंग्रज पत्नी रोझिना यांचे निधन झाले.

१९५० मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या नियोजन मंडळाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून आले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. पहिल्या पंचवार्षिक योजनेची आर्थिक बाजू त्यांनी सांभाळली. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरिअल बँकेचे रूपांतर स्टेट बँक ऑफ इंडियात झाले. इम्पीरिअल बँक शहरांतील व्यापाऱ्यांची बँक होती. नव्या बँकेवर पाच वर्षांत ४०० शाखा उघडण्याचे बंधन घालण्यात आले, जेणेकरून ती लहान गावांपर्यंत पोहोचावी.

जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. काही विमा कंपन्या विमेदारांच्या पैशाचा गैरवापर करीत असल्याचे उघडकीस आले होते. बातमी आधी फुटली असती तर अशा कंपन्यांनी पैसा हलविला असता, म्हणून सारी तयारी अत्यंत गुप्तपणे झाली. १९ जानेवारीला अध्यादेश निघाला आणि चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून तो देशाला समजावून सांगितला. लहानमोठ्या २४५ विमा कंपन्या व संस्थांचा कारभार सरकारच्या हाती आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. निरनिराळ्या रीतींनी चालणाऱ्या इतक्या कार्यालयांतील माणसे, पगार व हिशेब एका छत्राखाली आणणे हे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

परंतु महामंडळ स्थापन झाले तेव्हा चिंतामणराव मंत्री नव्हते. विम्याचा अध्यादेश निघाला त्याच आठवड्यात मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या अखत्यारीत ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला होता. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. चिंतामणरावांना हा निर्णय मान्य नव्हता. असा महत्त्वाचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर विचारासाठी आला नाही आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. नेहरूंनी हा आक्षेप मान्य केला नाही. जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली भूमिका स्पष्टपणे मांडली. सत्तेच्या शिखरावर असताना पद सोडणे सोपे नसते. त्यांच्यासारख्या, सारे आयुष्य शिस्तीने संस्थांच्या चाकोरीत काम केलेल्या माणसाला ते किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

यानंतर ते सत्तेबाहेर राहिले, पण दिल्लीतच राहिले. १९५६ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोदी उद्यानाला लागून असलेल्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे ते संस्थापक अध्यक्ष. तेथील सभागृहाला त्यांचे नाव आहे. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

दिल्ली तेव्हा झपाट्याने वाढत होती. निर्वासितांची मुले मोठी झाली होती, नोकरी करून शिकू इच्छिणारे तरुण वाढले होते आणि महाविद्यालयांत जागा अपुऱ्या पडत होत्या. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. ही योजना त्यांच्या एकट्याची नव्हती, तिची शिफारस एका समितीने आधीच केली होती. ती राबविण्याची सुरुवात मात्र त्यांच्या कारकिर्दीत झाली. पाठ टपालाने येत, उत्तरे टपालाने जात आणि अधूनमधून वर्ग भरत. तुम्ही आज ज्या मार्गाने शिकत आहात, त्या मार्गावरील हे देशातील पहिले पाऊल होते.

या संदर्भात त्यांच्या दुसऱ्या पत्नी दुर्गाबाई यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २२ जानेवारी १९५३ रोजी या दोघांचा विवाह झाला. लहानपणीच लग्न झालेल्या आणि शाळा सुटलेल्या दुर्गाबाईंनी मोठेपणी बाहेरून परीक्षा देऊन शिक्षण पुरे केले होते. पुढे त्या वकील झाल्या, संविधान सभेच्या सदस्य झाल्या. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी मंडळाने १९५८ मध्ये संक्षिप्त अभ्यासक्रम चालू केले. दिल्ली मेट्रोच्या गुलाबी मार्गावर दक्षिण परिसराच्या स्थानकाला त्यांचे नाव दिलेले तुम्ही पाहिले असेल.

१९६९ मध्ये चिंतामणराव राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस उभे राहिले, परंतु त्यांना यश आले नाही. १९७५ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान त्यांना मिळाला. आकड्यांच्या जगात वावरूनही संस्कृत काव्याची त्यांची ओढ कायम होती. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला आणि गांधीजींची निवडक वचने संस्कृत श्लोकांत बांधली. दुर्गाबाईंचे निधन मे १९८१ मध्ये झाले. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, हैदराबाद येथे वयाच्या ८६ व्या वर्षी चिंतामणरावांनी जगाचा निरोप घेतला.